दाढ बघता बघता हात बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही. तंबाखू सोडली असं खोटं सांगणारा पेशंट म्हटलं की आठवेन.

आलो होतो दाढ घेऊन. आधीच्या एका दवाखान्यात एचआयव्ही म्हटल्याबरोबर 'आज मशीन बंद आहे' ऐकून परतलो होतो. तरी तुमच्या फॉर्मवर खरं लिहिलं. तुम्ही वाचलंत, ग्लोव्हज चढवलेत आणि म्हणालात, "एआरटी, एचआयव्हीच्या गोळ्या, नियमित आहेत ना? मग आ करा."

जिभेच्या कडेला आणि टाळूवर पांढुरके चट्टे होते. दुखत नव्हते, पण मी मनात कॅन्सरच धरून बसलेलो. तुम्ही गॉज फिरवलात. "बुरशी असती तर बहुधा पुसली गेली असती." आणि एकदम, "हात दाखवा." दातांच्या डॉक्टर, आणि हात कशाला? तळव्यांवर तांबूस ठिपके होते. गोदामात खोकी उचलून आले असतील, असं मी धरून चाललेलो.

तुम्ही व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी, करायला लावलीत. निगेटिव्ह आली. मी सुटलो म्हटलं. तुम्ही लॅबला फोन लावलात: सीरम पातळ करून परत लावा. रक्तात अँटिबॉडी फारच झाल्या की ही टेस्ट फसते, एचआयव्ही असेल तर जास्तच. दुसऱ्यांदा आली १:२५६, म्हणजे २५६ पट पातळ करूनही पॉझिटिव्ह. खात्री करणारी दुसरी टेस्ट, टीपीएचए, तीही पॉझिटिव्ह. सिफिलिसच, आमच्याकडे जिला गरमी म्हणतात ती.

"पण माझा व्हायरल लोड, रक्तातला एचआयव्ही, तर सापडतसुद्धा नाही," मी म्हणालो. एआरटीच्या गोळ्या एचआयव्हीला दाबतात, सिफिलिसला नाही, आणि ती तोंडावाटेही लागते, हे तुम्ही चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलंत. माझीच मान खाली.

गुप्तरोगांच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं अर्धं. दुसऱ्या दिवशी नीट बसवत नव्हतं. इंजेक्शन घेतलं त्याच रात्री हुडहुडी भरून ताप आला होता, तेव्हा घाबरलेल्या बायकोला मीच म्हणालो, मॅडमनी आधीच सांगितलंय, उतरेल. सकाळी उतरला. मग तिलाही न्यायचं होतं. ते तिला सांगणं इंजेक्शनपेक्षा जड गेलं. तिची टेस्ट निगेटिव्ह, तरी खबरदारी म्हणून तिलाही सुई. आठवडाभर बोलली नाही.

सहा महिन्यांनी माझी व्हीडीआरएल १:१६ वर उतरलीय. चट्टे गेले, ठिपके गेले.

दाढ मात्र तशीच आहे. बुधवारी येतो.

तुमचा,
एक पेशंट