वाळवंटातली एक रात्र आणि ४५ जणांची बस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पतसंस्था, महिला मंडळं आणि निवृत्तांचे गट राजस्थानच्या सहली ठरवायला बसतात. जोधपूर-जैसलमेर त्यात असतंच आणि ‘वाळवंटात एक रात्र मुक्काम’ हेही असतंच. परतल्यावर मात्र सगळ्यात जास्त गाऱ्हाणी याच रात्रीची निघतात. थंडीनं डोळ्याला डोळा लागला नाही, सकाळी अंघोळीला पाणी नव्हतं, जेवण साडेदहाला मिळालं, नाहीतर बारापर्यंत डीजे वाजत होता. ही गाऱ्हाणी खोटी नसतात. पण त्यातली बहुतेक जैसलमेरला जन्मत नाहीत. किती माणसं कुठे न्यायची याचा हिशेब इथे बसून केला जातो, तिथेच चूक होते. वाळवंटातल्या मुक्कामाला गट नेण्याचं काम आम्ही करतो, म्हणून यंदाच्या सहली पक्क्या होण्याआधी हे लिहीत आहोत.

मुक्कामाच्या जागा दोन प्रकारच्या असतात आणि आपल्याकडच्या पत्रकांत दोन्ही एकाच नावानं छापल्या जातात. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर पश्चिमेला सम आहे. तिथे रस्त्याच्या कडेनं कापडी तंबूंच्या रांगा, मधोमध नाचगाण्याचा कट्टा, कर्णे, जीपगाड्या. मोठी बस तिथेच मावते. दुसरा प्रकार खुहडी, म्हणजे लोक खुरी म्हणतात ते गाव, आणि आसपासच्या ढाण्यांचा. ढाणी म्हणजे चार-दोन घरांची वस्ती. तिथे घरमालकानं आपल्या अंगणाला लागून सहा-आठ मातीच्या झोपड्या बांधलेल्या असतात आणि घरातलीच माणसं रांधून वाढतात. लोकांना हवी असते ही दुसरी जागा, छायाचित्रही तिचंच दाखवलं जातं, आणि नेलं जातं पहिल्या जागी. किंवा त्याहून वाईट म्हणजे ४५ जणांची आख्खी बस ढाणीच्या दारात उभी केली जाते.

ढाणीला ४५ माणसं का झेपत नाहीत, ते आकड्यांतच पाहावं. रात्रीच्या जेवणाला बाजरीच्या जाड भाकऱ्या, माणशी दोन धरल्या तर ९० होतात. दोन चुली, दोन बायका आणि एका भाकरीला तीन मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास झाले. त्यात बाजरीची भाकरी गार झाली की कडक होते, म्हणून आधी थापून ठेवता येत नाही. साहजिकच शेवटच्या पंगतीला साडेदहा वाजतात. पंधराच माणसं असली तर तीस भाकऱ्या पाऊण तासात होतात आणि प्रत्येकाला गरम भाकरीवर तूप-गूळ मिळतो. अंघोळीचंही तसंच. माणशी एक बादली, १८ लिटर, तर ४५ जणांना ८१० लिटर गरम पाणी एका सकाळी लागतं. बंब मात्र एक, फार तर दोन. पांघरुणांचा हिशेब पुढे येईलच. आमच्या मते ढाणीवर एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसं नेऊच नयेत.

मोठ्या गटाला यावर साधा उपाय आहे. जैसलमेर शहरात सलग तीन रात्रींची खोली घ्यावी, सामान तिथेच ठेवावं आणि रोज पंधरा जणांनी जीपनं ढाणीवर जावं. उरलेल्यांनी किल्ला, पटवांची हवेली, गडीसर तलाव पाहावा. किल्ला एका तासात उरकायचा नाहीच. लोक अजूनही आत राहतात असा तो किल्ला आहे आणि २०१३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. खर्च थोडा वाढतो तो जीपचा. शहरातून दुपारी तीनच्या आत निघावं. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अंधार पडण्याआधी झोपडी बघून घ्यायला, अंथरूण लावायला आणि टेकडीवर चढायला वेळ राहतो. सूर्योदय सव्वासातनंतर असतो, त्यामुळे पाचला उठून कुडकुडत बसण्यात अर्थ नाही.

आता थंडी. वाळवंट म्हणजे उकाडा अशा समजुतीनं लोक सुती कपडे घेऊन निघतात. जानेवारीत जैसलमेरला दुपारी २३-२४ अंश असतात आणि पहाटे सात-आठ. लाट आली तर पारा आणखी खाली जातो. हवेत ओल नाही, ढग नाहीत, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य गेल्यावर झपाट्यानं उष्णता सोडते. आपल्या बेळगावच्या थंडीत ओल असते, धुकं असतं, म्हणून इतकी घसरण आपल्या अंगवळणी नाही. कापडी तंबू तासा-दोन तासांत बाहेरच्याइतकाच गार होतो. मातीची झोपडी होत नाही, कारण तिची भिंत फूट-दीड फूट जाड, शेण-मातीनं सारवलेली, आणि वर खींप किंवा सिणिया या रानझुडपांचं दाट छप्पर. गोल बांधणीमुळे वाराही तिला अडून न बसता बाजूनं निघून जातो. मात्र हल्ली पुष्कळ ठिकाणी सिमेंटच्या खोलीला वरून माती फासतात आणि छपरात गवताखाली पत्रा असतो. असली खोली रात्री चांगलीच गार पडते. म्हणून ठरवतानाच ‘छपरात पत्रा आहे का’ हे विचारावं आणि आतून काढलेलं छायाचित्र मागवावं. बाहेरच्या छायाचित्रावरून काही कळत नाही.

झोपायला चारपाई असते. तिच्या विणीतून खालून गारवा येतो आणि वर कितीही पांघरलं तरी पाठ गारच राहते. उपाय सोपा आहे: दोन रजया मागून घ्यायच्या, एक अंगाखाली आणि एक वर. म्हणजे पंधरा जणांना तीस रजया. ही संख्या फोनवर आधी सांगावी, रात्री नऊ वाजता मागू नये. रजयांना धुळीचा वास असतो, दमेकऱ्यांनी घरून जुनी सुती चादर शिवून पिशवीसारखी करून न्यावी आणि तिच्यात शिरून वरून रजई घ्यावी. कानटोपी, लोकरी मोजे आणि आतून घालायचा थर्मल एवढं पुरतं. ओठ आणि टाचा हमखास फुटतात. खोबरेल तेल त्या थंडीत बाटलीत गोठून बसतं, त्याऐवजी व्हॅसलीन किंवा डबीत थोडं तूप न्यावं.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यजमानांशी वाद होतात ते इथेच. जैसलमेरला वर्षभरात सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कणकुंबी-जांबोटीकडे आषाढात दोन-चार दिवसांत तेवढा पडून जातो. ढाणीवर पाणी येतं ते टँकरनं किंवा टांक्यातून. टांका म्हणजे जमिनीत खोदलेला, आतून गिलावा केलेला हौद. त्याच्या भोवतालचं अंगण उतरतं ठेवून पावसाचं पाणी आत घेतात. हे पाणी गोडं असतं आणि घरातली माणसं ते पिण्यासाठी राखतात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी खारट-मचूळ असतं, त्यात साबणाला फेस येत नाही. फेस येईना म्हणून लोक बादलीवर बादली ओततात. फेस तरी येत नाहीच. अंगाला लागलेली वाळू पाण्यानं धुवायलाही जाऊ नये. ओल्या अंगाला ती चिकटते, कोरडीच झटकली की पडते. त्यामुळे ढाणीवर हातपाय-तोंड धुवावं आणि अंघोळ शहरातल्या खोलीवर परतल्यावर करावी. पिण्यासाठी २० लिटरचे जार आधी सांगून ठेवावेत आणि प्रत्येकानं आपली बाटली भरून घ्यावी. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या वाळूत राहतात आणि शेळ्या-गाई ते प्लास्टिक खातात. कचरा उचलायला तिथे कुणी येत नाही, आपला कचरा आपणच शहरात परत न्यायचा.

जेवणात केर-सांगरी मिळाली तर सोडू नये. सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपण दसऱ्याला पुजतो त्या शमीच्या, वाळवलेल्या शेंगा. केर हे करवंदाएवढं कडवट फळ. केरचा कडूपणा जायला ते मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवावं लागतं, आणि सुकी सांगरीही भिजवून, शिजवून घ्यावी लागते, म्हणून ही भाजी आदल्या दिवशीच सांगावी. भाजीत तेल सढळ असतं. पाणी दुर्मीळ आणि भाजी टिकावी लागते, अशा मुलखातला तो स्वयंपाक आहे. सोबत ताकाची कढी. लहान मुलांना बाजरी जड जाते, त्यांच्यासाठी गव्हाची रोटी किंवा खिचडी आधी सांगता येते. ऐनवेळी पोहे-उपीट मागणं मात्र बरं नव्हे.

उंटावर बसताना पडझड होते ती उठण्या-बसण्याच्या क्षणी. उंट उठताना मागचे पाय आधी ताणतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. त्या वेळी मागे रेलावं. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच रेलावं. हातातला मोबाइल आधी खिशात. रिकीब नसली की मांड्या सोलवटतात, तेव्हा पहिल्यांदा बसणाऱ्यानं तासाभरावर जाऊ नये आणि साडीऐवजी सलवार किंवा पँट घालावी. एका उंटावर एकच मोठं माणूस. बसण्याआधी नाकातल्या नकेलीची जागा आणि पलाणाखालची पाठ पाहावी. जखम असेल तर दुसरा उंट मागावा. उंट २०१४ पासून राजस्थानचा राज्यप्राणी आहे, तरी २०१९ च्या पशुगणनेत देशातले उंट जेमतेम अडीच लाख भरले, २०१२ पेक्षा ३७ टक्क्यांनी कमी. ज्याचा उंट आहे त्याच्या हातात पैसे पडले तरच तो पुढचा उंट पाळेल. म्हणून उंटाचे पैसे एकूण रकमेत न घालता वेगळे ठेवावेत आणि उंटवाल्यालाच द्यावेत.

संध्याकाळच्या गाण्याचंही असंच. मांगणियार या तिथल्या पिढीजात गायक-वादक समाजातल्या कलाकारांचा कमायचा (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) आणि खडताल (हातात वाजवायच्या लाकडी पट्ट्या) ऐकायला माइक लागत नाही. चटईवर सात-आठ हातांवर बसून ऐकावं, तेव्हा त्या गाण्याचा कस कळतो. त्यांची बिदागी आधी ठरवून त्यांनाच द्यावी. समच्या कट्ट्यावर पुष्कळदा ध्वनिमुद्रित गाण्यांवरच नाच चालतो, आणि त्याचा आवाज वाळवंटात फार लांब जातो. त्यामुळे तंबूत राहायचंच असेल तर शेजारच्या तंबूवाल्यांचा कर्णा किती वाजता बंद होतो, हेही विचारावं लागतं. शेकोटी लहान मागावी. त्या मुलखात एकेक झाड वाढायला वर्षं लागतात. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये खेजडीची झाडं वाचवताना बिश्नोई पंथाच्या ३६३ जणांनी प्राण दिले, आणि आपल्या बसगाड्या त्याच भागातून जातात.

पायात बंद बूट हवेत. अथणीची चप्पल कितीही चांगली असली तरी तिथल्या भुरट गवताचे काटेरी गोंडे बोटांत आणि साडीच्या काठाला अडकतात आणि काढताना बोटाला टोचतात. आपल्या माळावरचं फुरसं थरच्या वाळूतही आहे. थंडीत ते क्वचित बाहेर पडतं, तरी रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. साठीपुढच्या माणसांसाठी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: संडास झोपडीला जोडून आहे की अंगणाच्या टोकाला, कमोड आहे का, आणि झोपडीचं दार किती बुटकं आहे. गुडघे दुखणाऱ्याला बुटक्या चारपाईवरून उठणं अवघड जातं. एखादी उंच खाट बहुतेक घरांत असते, सांगितली की काढून देतात. घरातल्या बायका घुंघट घेतात, त्यांना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत आणि चुलीपाशी पायताण घालून जाऊ नये.

जैसलमेर स्टेशनवर अगदी नाममात्र दरात खोली देऊ करणारे भेटतात. ती खोली त्यांच्याच वाळवंट सफारीला बांधलेली असते. सफारी नको म्हटलं की खोलीही जाते.

आपल्या भागातल्या सहल आयोजकांना आमची विनंती आहे की यंदाच्या पत्रकांत वाळवंटातल्या मुक्कामापुढे चार गोष्टी छापाव्यात: गावाचं नाव, झोपडी की तंबू, त्या रात्री तिथे एकूण किती माणसं असतील, आणि कर्णा किती वाजेपर्यंत चालतो. आणि वाचकांना विनंती की यातलं गावाचं नावसुद्धा जो सांगत नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

आपले,
वाळवंटी मुक्कामाच्या सहली नेणारे काही जण,
शहापूर, बेळगाव