पर्यटन जिल्ह्याच्या गुन्हेगारीचा फसवा दर

संपादक महोदय,

ग्रामीण पर्यटन जिल्ह्यातील गुन्ह्यांची आकडेवारी आली की तो जिल्हा एक तर बदनाम होतो, नाही तर सुरक्षित म्हणून मिरवला जातो. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. गुन्ह्यांचा दर सामान्यतः दर लाख रहिवाशांमागे काढतात. हंगामी पर्यटकांबाबत घडलेले गुन्हे त्यात मोजले जातात, पण ते पर्यटक लोकसंख्येत धरले जात नाहीत. समजा, 50 हजार वस्तीच्या भागात वर्षभरात 100 चोऱ्या झाल्या, तर दर 200 येतो. तिथे प्रत्यक्षात सरासरी दीड लाख माणसे वावरत असतील, तर तो 67च्या आसपास भरतो.

याला उलट बाजूही आहे. पायवाटेच्या तोंडाशी उभ्या केलेल्या गाडीची काच फोडून बॅग लांबवली गेली, तरी विम्याचा प्रश्न नसेल तर अनेक जण तक्रारीच्या फंदात पडत नाहीत, कारण ठाणे दूर असते, परतीची वेळ ठरलेली असते आणि साक्षीसाठी पुन्हा येणे परवडत नाही. चोरालाही हे पक्के ठाऊक असते!

म्हणून आकडे महिनावार जाहीर व्हावेत, मुक्कामाच्या ठिकाणीच तक्रार नोंदवता यावी आणि पोलिसांचे मनुष्यबळ केवळ कायम लोकसंख्येवर ठरवू नये. हंगामात आहे तेच पोलीस पर्यटनस्थळी हलवले, तर दूरच्या वस्त्यांवरील गस्त बंद पडते, आणि त्याची झळ स्थानिकांनाच बसते.

– एक वाचक