बाबा, गाडी खालून बघूनच घेतली

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईचा जीव नुसता वरखाली होत होता, की इंग्लंडसारख्या परक्या मुलखात जुनी गाडी घेतलीस आणि रस्त्यात बंद पडली तर काय करशील. बाबा, तुम्ही एकच विचारलंत, "खालून कुणी बघितली का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर घाईघाईत उत्तर देण्यासारखे नाहीत, म्हणून बसून लिहितेय. पत्र जरा लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटचा मजकूर आपल्या वॅगन-आरबद्दल आहे.

गाडी लागणारच होती. हॉस्पिटलची सकाळची पाळी सातला सुरू होते आणि रविवारी त्या वेळेला आमच्या बाजूने बस नसते. थंडीत आठ वाजेपर्यंत उजाडत नाही. आपलं लायसन इथं राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतं, बदलूनही मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, त्या मी दिल्या. नवी गाडी आवाक्यात नव्हती.

इंग्लंडमध्ये खासगी गाडी तीन वर्षांची झाली की तिथून पुढे दरवर्षी तिची तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. १९६० साली सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांनाच होती, १९६७ मध्ये ती अट तीन वर्षांवर आली. तपासणी सरकारने परवाना दिलेल्या गॅरेजमध्ये होते आणि मोटारीसाठी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स घेता येतात. एमओटी नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर हजार पौंडांपर्यंत दंड. आधी वेळ ठरवून तपासणीलाच निघाला असाल तर तेवढ्यापुरती सूट.

मी जी गाडी घेतली तिची तपासणी मी समोर उभी राहून पाहिली. बघणाऱ्यांसाठी वेगळी जागा असते, मात्र तपासणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही. आधी पुढची दोन चाकं जमिनीत बसवलेल्या फिरत्या रोलरवर घेतली आणि ब्रेक हळूहळू दाबत नेला. कुठल्या चाकाला किती पकड आहे ते शेजारच्या पडद्यावर वेगवेगळं दिसत होतं. मग मागची चाकं, मग हँडब्रेक. नंतर गाडी लिफ्टवर चढली. माणूस बॅटरी घेऊन खाली शिरला, लांब पहार अडकवून एकेक सांधा हलवून बघितला, ब्रेकच्या नळ्यांवरून नजर फिरवत मागपर्यंत गेला आणि दाराखालच्या पत्र्यावर ठोकून आवाज ऐकला. बाबा, त्या वेळी तुम्ही शेजारी हवे होतात असं फार वाटलं. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते, ती मोजली. सीट बेल्टला जोराचे हिसके दिले. दिवे, वायपर, हॉर्न, काच, धूर, सगळं बघून झालं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.

एवढं असूनही या कागदावर विसंबून गाडी घेऊ नये, हे मला सगळ्यात आधी कळून घ्यावं लागलं. त्या दिवशी, त्या तासाला गाडी किमान अटीत बसली, इतकंच तो कागद सांगतो. इंजिनची तब्येत, क्लच, गिअरबॉक्स यांची तपासणी त्यात नसतेच. गाडीचा कुठलाही भाग खोलत नाहीत, त्यामुळे प्लास्टिकच्या आवरणामागे गंज असला तर तो तिथेच राहतो. दुसऱ्याच दिवशी टायर गुळगुळीत निघाला तरी कागदाची तारीख वर्षभर पुढचीच दिसते, पण तशी गाडी चालवणं गुन्हाच.

खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. इथं कुणीही, कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिच्या आजवरच्या तपासण्या फुकट वाचता येतात, अगदी २००५ पर्यंत मागे. पास की नापास, काय निघालं, किती मैल झाले होते, सगळं तारखेनिशी. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं. मे २०१८ पासून दोषांची प्रतवारीही लावतात. 'धोकादायक' आणि 'मोठा' दोष असेल तर गाडी नापास, 'किरकोळ' असेल तर पास पण दुरुस्त करा, आणि चौथा प्रकार म्हणजे नुसती सूचना: अमुक गोष्ट झिजत आलीय, लक्ष ठेवा. मी तर या सूचनाच आधी वाचते. मालक कसा होता ते त्यांवरून कळतं. टायर झिजत आल्याची सूचना एका वर्षी आली आणि पुढच्या वर्षी ती नाही, म्हणजे टायर बदलले. तीच सूचना तीन वर्षं तशीच, आणि चौथ्या वर्षी गाडी त्याच कारणाने नापास, म्हणजे त्या माणसाने गाडी फक्त चालवली, सांभाळली नाही.

अशी एक गाडी मी सोडली. लाल रंग, आतून चकाचक, विकणारा म्हणाला परवाच एमओटी केलीय, एकही शेरा नाही. त्याच्यासमोर उभं राहून मोबाइलवर नंबर टाकला. लागोपाठ दोन वर्षं लिहिलं होतं की मागच्या बाजूचा सांगाडा गंजलाय, दुसऱ्या वर्षी तर 'जास्तच गंजलाय'. आणि परवाच्या तपासणीत त्याचा उल्लेखच नाही. मी विचारलं, वेल्डिंग कुठे केलं, पावती आहे का? पावती नव्हती. वाकून बघितलं तर खाली सगळीकडे ताजा काळा रंग फासलेला. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथं मीठ टाकतात आणि ते पत्रा खालून खात जातं, म्हणून या देशात इंजिनाआधी बुड बघायचं. मी आभार मानले आणि निघाले.

आणि तिथं मला तुमची आठवण झाली ती पुरानंतरच्या दिवसांतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरलं आणि महिन्या-दोन महिन्यांत बाजारात स्वस्त गाड्याच गाड्या आल्या होत्या. मिरजेला काकांसाठी गाडी बघायला आपण गेलो होतो, त्या गाडीला अत्तराचा घमघमाट येत होता. तुम्ही इंजिन बघितलंच नाहीत. दार उघडलंत आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत ओढलात. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती आणि तिच्याखाली वाळलेला गाळ. काका तिथूनच परतले. मी इथं प्रत्येक गाडीचा पट्टा तसाच ओढून बघितला, विकणारे चकित होऊन बघायचे.

पुरात गेलेली किंवा अपघातात मोडलेली गाडी विमा कंपनीने 'दुरुस्ती परवडत नाही' म्हणून निकाली काढली की इथं तिला वर्ग देतात. ऑक्टोबर २०१७ पासून 'एस' म्हणजे सांगाड्याला इजा झालेली आणि 'एन' म्हणजे सांगाड्याला इजा नसलेली. या दोन्ही दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर येऊ शकतात. एमओटीच्या इतिहासात हे लिहिलेलं नसतं. त्यासाठी थोडे पैसे भरून वेगळी चौकशी करावी लागते. त्याच चौकशीत गाडीवर कर्ज आहे का तेही कळतं, कारण आधीच्या मालकाचं कर्ज थकलेलं असेल तर कर्ज देणारी कंपनी गाडीवर हक्क सांगू शकते. आणि इथल्या नोंदणीच्या कागदावर ज्याचं नाव असतं तो गाडी बाळगणारा, मालकच असेल असं नाही. हे त्या कागदावरच छापलेलं असतं. आपल्याकडे आर.सी.वर नाव बघितलं की आपण निश्चिंत होतो, तसं इथं होता येत नाही.

गाडी मी व्यापाऱ्याकडून घेतली. खासगी माणसाकडून थोडी स्वस्त मिळाली असती, पण २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीत मुळातला दोष निघाला तर तीस दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. खासगी व्यवहारात तो आधार नाही. मला तो हवा होता, कारण आई म्हणते तसं, इथं माझं कुणी नाही. पैसे देण्याआधी ओळखीच्या एका मेकॅनिकला शंभर पौंड देऊन गाडी त्याच्या लिफ्टवर चढवली, म्हणजे व्यापाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाने खालून बघितली. बाबा, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर. त्याने मागच्या ब्रेकच्या नळीवर बोट ठेवून दाखवलं, वरचा थर सुटत होता. ती नळी व्यापाऱ्याने बदलून दिली, मगच व्यवहार झाला.

गाडी २०१४ ची टोयोटा यारिस आहे, पेट्रोलवर चालते, रंग राखाडी. आधीच्या मालकाच्या काळात एका वर्षी एखादी सूचना आली, तर पुढच्या वर्षी ती गेलेली असायची, मला तेवढं पुरे झालं. विमा आधी उतरवला, मग रोड टॅक्स भरला, कारण ऑक्टोबर २०१४ पासून जुन्या मालकाचा टॅक्स गाडीबरोबर येत नाही. पुढच्या वर्षीची एमओटी मी नगरपालिकेच्या केंद्रात करणार आहे. ते तपासणी करतात, दुरुस्तीचा धंदा करत नाहीत, म्हणून उगाच खर्च काढतील ही भीती नाही.

आता आपली वॅगन-आर. तिला पंधरा वर्षं पुरी होतायत, आर.सी.ची मुदत जानेवारीत संपतेय. एजंट म्हणतो, काका, कागद मी करून देतो, तुम्ही यायची गरज नाही. बाबा, कृपा करून त्याचं ऐकू नका. इतक्या वर्षांत पीयूसी सोडून त्या गाडीकडे कुणीही अधिकृतपणे बघितलेलं नाही आणि पीयूसीत फक्त धूर बघतात. पंधरा वर्षांनी प्रथमच कायदा म्हणतो की गाडी अधिकृत तपासणीसाठी उभी करा, मगच पुढची पाच वर्षं. ही एकमेव तपासणी आपण पैसे देऊन टाळली, तर त्याच गाडीतून तुम्ही आईला डोळे दाखवायला मिरजेला नेणार आणि रात्रीचे तासगावहून बागेतून परत येणार. मला इथं झोप लागणार नाही.

म्हणून आधी नेहमीच्या गॅरेजात गाडी वर घ्या. ब्रेकचे रबरी होज, ब्रेक ऑइल, पुढचे बॉल जॉइंट आणि दाराखालचा पत्रा, एवढं स्वतः वाकून बघा. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२१७ असेल तर २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर म्हातारं होतं. आई, चारही चाकांचे आणि स्टेपनीचे ते आकडे मोबाइलवर फोटो काढून मला पाठव, बाबा विसरतील.

आर.सी.च्या नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदतीच्या आधी साठ दिवसांपर्यंत भरता येतो. फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालीय, वर पर्यावरण कर लागेल. ते आणि टायरचे पैसे मी पाठवते, त्यावर वाद घालू नका. डिसेंबरात मी येतेच आहे, तेव्हा गाडी आपण दोघं मिळून आर.टी.ओ.त नेऊ. तोवर रात्रीचं तासगाव बंद.

तुमची,
मनू