पावसाळ्यातही सुकी हवा भरून देणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

पावसाळ्यात तुमचा कंप्रेसर खरं तर बंद असायला हवा. डायव्हिंग थांबलेलं, होड्या किनाऱ्यावर झापांखाली, मालवण-तारकर्लीत पर्यटक नाहीत. तरी तुम्ही अधूनमधून तो सुरू करता आणि आमची 12 लिटरची टाकी 200 बारपर्यंत भरून देता. आम्ही म्हणजे सिंधुदुर्गातले 10 मीटर एअर पिस्तूलवाले. आमच्या पिस्तुलात छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो, आणि ती हवा पिस्तुलाच्या छोट्या सिलिंडरमध्ये आम्ही या टाकीतून भरतो. हे पत्र उघड लिहितोय, कारण पिस्तूल कुठलं घेऊ असं विचारणारे पुष्कळ भेटतात, हवा कुठून भरू असं विचारणारा मात्र क्वचितच. कोकणात दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

हिशेब तुम्हाला पाठ आहे, वाचणाऱ्यांसाठी मांडतो. एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब, म्हणून 12 लिटरच्या टाकीत 200 बारवर साधारण 2400 लिटर बाहेरची हवा कोंबलेली असते. जुलैत 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असली, तर एका घनमीटर हवेत साडेचोवीस ग्रॅमच्या आसपास वाफ असते. म्हणजे एका टाकीमागे जवळजवळ 60 ग्रॅम पाणी, टपरीवरच्या कटिंगएवढं! हवा दाबली की हे पाणी सुटतं आणि कुठेतरी जातंच. तुमच्याकडे ते सेपरेटरमध्ये जमतं, तुम्ही दर दहा-पंधरा मिनिटांनी कॉक उघडून सोडून देता, आणि उरलेली वाफ फिल्टरच्या कार्ट्रिजमधलं मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे ओल धरणारे दाणे, शोषून घेतं. पाणबुड्याच्या फुप्फुसासाठी घेतलेली ही काळजी आमच्या व्हॉल्व्हलाही लागू पडली, एवढंच आमचं नशीब.

हवा भरायच्या हातपंपावर पाणी असं वेगळं काढलं जात नाही. हातपंप वाईट नाही, घाट चढून कोल्हापूरला गेल्याशिवाय दुसरी सोय नसली तर तोच घ्यावा. पण पावसाळ्यात पंपाच्या ब्लीड स्क्रूतून (दाब सोडायच्या स्क्रूतून) दुधासारखं पांढरट पाणी बाहेर पडतं, तेव्हा सिलिंडरमध्येही थोडं गेलंय असं समजावं. पंप मारायचाच तर पाच मिनिटं मारून पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा, दर वेळी ब्लीड करायचं आणि मारायचा तो पंखा लावलेल्या सुक्या खोलीत, ओल्या पडवीत नाही.

ओली हवा लगेच काही मोडत नाही, म्हणून लोक फसतात. आधी रेग्युलेटरच्या, म्हणजे दर शॉटला सारखाच दाब देणाऱ्या भागाच्या, सीटवर परिणाम होतो, मग छर्ऱ्याचा वेग एकसारखा राहत नाही. छर्रा साधारण 150 मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो आणि 10 मीटरवर पोचेपर्यंत सुमारे 22 मिलिमीटर खाली येतो. वेग 140 वर आला तर 25 मिलिमीटर. फरक 3 मिलिमीटरचा, आणि आमच्या दहाच्या वर्तुळाचा व्यासच 11.5 मिलिमीटर. काठावरचा दहा मग नऊ होतो. शूटर मनगटाला दोष देतो, साईट फिरवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी फिरवतो. स्टँडवर बांधून किंवा दुसऱ्या पिस्तुलाशी ताडून पाहिल्याशिवाय हे सापडत नाही. गट (कार्डावरच्या भोकांचा पुंजका) उभा लांबट येतोय आणि होल्ड, म्हणजे पिस्तूल स्थिर धरणं, तर नेहमीसारखा आहे, तर आधी हवा आणि रेग्युलेटर बघावा.

भाऊ, तुमचं एक वाक्य रेंजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय: "गरम सिलिंडरचो काटो खोटो बोलता." घाईने भरलं की सिलिंडर तापतं. 50 अंशांवर 200 दाखवणारा काटा 30 अंशांवर 188 वर येतो, आणि मग मुलं गळती शोधत बसतात. तुम्ही दाखवलेली पद्धत आता सगळेच पाळतात. आधी टाकीच्या व्हॉल्व्हमधून क्षणभर हवा सोडून तोंडाशी बसलेलं मीठ आणि धूळ उडवायची. डायव्हिंगच्या टाकीला योकसाठी (बाहेरून आवळायच्या जोडणीसाठी) आत बसवलेला इन्सर्ट असेल तर तो अ‍ॅलन कीने काढून डिन (आट्यांनी बसणारा) अ‍ॅडॉप्टर हाताने घट्ट करायचा, पान्याने नाही. पाना लावला की ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, चिरते. मग पिस्तुलाचं सिलिंडर लावून टाकी अगदी हळू उघडायची, 100 वरून 200 वर जायला निदान मिनिटभर लागलं पाहिजे. थांबायचं, हात लावून बघायचं, थंड झाल्यावर वरचं भरायचं. टाकी बंद करायची, अ‍ॅडॉप्टरमधला दाब ब्लीडने सोडायचा आणि मगच सिलिंडर काढायचं. दाब न सोडता फिरवू पाहणारा एखादा दर मोसमात निघतोच.

ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही नखाच्या टोकावर मावेल एवढं. खनिज तेल उच्च दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं, तेव्हा शिवणयंत्राचं तेल लांब ठेवायचं. आणि खोबरेल! कोकणात बिजागरीपासून बंदुकीपर्यंत सगळ्यावर खोबरेल फिरवायची सवय आहे. नळीवर बाहेरून लावलं तरी ते महिन्याभरात चिकट होऊन धूळ धरतं. खाऱ्या वाऱ्यासाठी बाहेरच्या पोलादावर गन ऑइलचा पुसट हात पुरतो, लाकडी ग्रिपवर तो नको.

टाकी किती पुरते, हे आम्ही फार कुणाला सांगत नाही, नाहीतर रांग लागेल. पिस्तुलाचं सिलिंडर 100 मिलिलिटरच्या आसपासचं. ते 100 वरून 200 वर नेलं की टाकीचा काटा जेमतेम एक बार उतरतो. एका पूर्ण सिलिंडरमध्ये मॉडेलनुसार दीडशे-दोनशे शॉट्स. म्हणून तुमची एक खेप आम्हाला महिनाभर सहज पुरते. टाकी उतरत जाते तशी वरची भरणी कमी होते, पण रेग्युलेटर खालच्या दाबावरही काम करतो, त्यामुळे 170 बारला सिलिंडर भरलं म्हणून स्कोअर कमी येत नाही. कमी येतात ते शॉट्स.

हवा मोजकी म्हणून सराव शहाणा झाला, हेही तुमच्याच खात्यात. पावसाळ्यातला बराचसा सराव हवेशिवायच होतो. सुरुवात होल्डने: पिस्तूल उचलून 30 सेकंद धरायचं, 30 सेकंद हात खाली, असं 10 वेळा. मग कोऱ्या भिंतीसमोर 30-40 ड्राय फायर, म्हणजे छर्ऱ्याशिवाय नुसता ट्रिगर, नजर फक्त पुढच्या साईटवर. भिंत कोरीच हवी. काळा गोल दिसला की डोळा तिकडे पळतो आणि पुढची साईट धूसर होते. ट्रिगर सुटताना साईट हलली का, एवढंच बघायचं. हलली तर कुठे, ते वहीत लिहायचं.

घरी 10 मीटर कुणाकडे असतात? ओटीपासून माजघराच्या भिंतीपर्यंत पाच मीटर निघाले तरी चालतं, फक्त प्रमाण धरावं लागतं. काळा गोल 59.5 मिलिमीटरचा असतो, पाच मीटरवर तो 29.75, म्हणजे 30 चाच छापावा. उंचीत मात्र हमखास चूक होते. स्पर्धेत टार्गेटचं केंद्र जमिनीपासून 1.40 मीटरवर असतं. पाच मीटरवरही 1.40 वरच चिकटवलं तर हात जास्त खाली जातो आणि खांद्याला चुकीची सवय लागते. तुमचा डोळा 1.60 मीटरवर असेल तर दोन्हींच्या मध्यावर, 1.50 वर लावा. आणि घरात छर्रे सोडायचे नाहीत, सिलिंडर काढून ड्राय फायर.

रेंजवर हवा खर्च होते ती अशी: 10-15 शॉट्स कोऱ्या कार्डावर, मग पाच-पाचचे तीन गट. आठवड्यातून तीनदा. रविवारी एक पूर्ण मॅच, 15 मिनिटं तयारी आणि साईटिंग (न मोजले जाणारे चाचणीचे शॉट्स), मग 75 मिनिटांत 60 शॉट्स. एका शूटरला एक भरणी आणि वर थोडी. प्रत्येक शॉट स्कोपमध्ये बघण्याआधी "आठ, डावीकडे" असा बोलून दाखवायचा. बोललेलं आणि पडलेलं जुळलं तर शॉट वाईट असला तरी काळजी नाही. पिस्तूल उचलल्यापासून दहा-बारा सेकंदांत सुटलं नाही तर खाली घ्यायचं. हे सांगायला सोपं आहे, पण मॅचच्या शेवटच्या दहा शॉट्समध्ये भलेभले धरून बसतात आणि सात मारतात.

गट कुठे सरकतो यावरून बरंच कळतं. उजव्या हाताच्या शूटरचे शॉट्स खाली-डावीकडे जात असतील तर ट्रिगरसोबत सगळी मूठ आवळली जातेय. नुसते डावी-उजवीकडे पसरले तर पाय बघा: डोळे मिटून पिस्तूल उचला, डोळे उघडा, साईट टार्गेटच्या बाजूला दिसली तर हात न वळवता मागचं पाऊल सरकवा. दमट दिवसात आणखी एक भानगड होते. तळवा फुगतो, घाम येतो आणि ग्रिपमध्ये हात मिलिमीटरभर वर बसतो. म्हणून पाम रेस्टवर (तळव्याखालच्या सरकत्या आधारावर) पेन्सिलच्या दोन रेघा असतात, एक मे महिन्याची, एक डिसेंबरची. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर खरवडून खडबडीत करा. हात पुसायला पंचा जवळ ठेवा, जाड टर्किश टॉवेल पावसात वाळतच नाही.

सामानाबद्दल तुम्ही नेहमी हसता, की इतक्या लहान यंत्राला इतके पैसे. बरोबर आहे. पण स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी यांतलं कुठलंही चांगल्या स्थितीतलं जुनं पिस्तूल या पातळीवर शूटरपेक्षा सरसच असतं. जुनं घेताना आधी सिलिंडरवरची तारीख वाचायची. उत्पादनापासून 10 वर्षं उलटली की स्पर्धेत ते चालत नाही, आणि नवं सिलिंडर स्वस्त नसतं. पिस्तुलाचं वजन 1500 ग्रॅमच्या आत, ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅम. आम्ही 510-520 वर ठेवतो, पहिल्या टप्प्याला बहुतेक वजन आणि दुसऱ्याला शंभरेक ग्रॅम. बरोबर 500 वर लावलेला ट्रिगर तपासणीच्या टेबलावर, ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उचलतात तेव्हा, ते वजन पेलत नाही, तेव्हा चेहरे बघण्यासारखे होतात.

ट्रिगर इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल? इलेक्ट्रॉनिक सुटतो फार छान. पण 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं, तेव्हाच्या बातम्यांत इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं नाव होतं, वेळ गेला आणि ती अंतिम फेरीला मुकली. तिच्याकडे तर सगळी मदत हजर होती. किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर, खाऱ्या दमट हवेत, जवळ दुरुस्तीवाला नसताना आमचं मत मेकॅनिकललाच. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक आहे त्याने बॅटरी मॅचआधी बदलावी आणि संपर्कबिंदूंवर हिरवट थर दिसतो का ते बघावं.

पिस्तूल फोमच्या पेटीत मुक्कामाला ठेवू नये. फोम ओल धरून बसतो, दोन आठवड्यांत स्क्रूंच्या डोक्यावर तांबूस ठिपके येतात. कपाटात, कापडावर, शेजारी सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे. छर्ऱ्यांचा डबाही तिथेच. शिशावर पांढरी भुकटी आली की तो डबा सरावालाही नको. सिलिंडर भरलेलं असताना बंद गाडीत उन्हात ठेवायचं नाही. 27 अंशांवरचे 200 बार 60 अंशांवर 222 होतात.

रायफलवाल्यांची दुखणी वेगळी, त्यांचं जॅकेट ओल पितं आणि बुरशी धरतं, त्याबद्दल त्यांनीच लिहावं.

आता पैशांचं. दर वेळी तुम्ही "डिझेलपुरते द्या" म्हणता. पण पावसाळ्यात फिल्टरचं कार्ट्रिज उन्हाळ्यापेक्षा लवकर संपतं, आणि त्या दिवसांत ते संपवणारे आम्हीच असतो. म्हणून तुमच्या कंप्रेसरच्या मॉडेलचं एक कार्ट्रिज मागवलंय. पुढच्या खेपेला टाकीसोबत ते घेऊन येणाऱ्याला परत पाठवू नका. सील बसवायच्या वेळीच फोडा, आणि जुन्याचे पैसे आमच्या नावावर लिहा.

तुमचे,
सिंधुदुर्गातले 10 मीटरवाले