सायप्रसमध्ये घर घेताय? आधी नाव कोणाचे ते पाहा

महोदय,

सायप्रसमध्ये समुद्रकिनारी घर आणि सोबत युरोपात राहण्याचा परवाना, अशा जाहिराती आता मराठी वाचकांच्या मोबाइलवर सर्रास येतात. बेट सुंदर आहे. ब्रिटिश अमदानीमुळे मिळकतीचे कायदे इंग्रजी वळणाचे आहेत, कचेऱ्यांत इंग्रजीने काम भागते, वाहनेही डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे व्यवहार सोपा वाटतो. पण सायप्रसमध्ये घराचा ताबा मिळणे आणि घर नावावर होणे यांत काही खरेदीदारांच्या बाबतीत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे गेली आहेत. लोक अडकतात ते नेमके याच मधल्या काळात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी घर बेटाच्या कोणत्या भागात आहे ते पाहावे. १९७४ च्या तुर्की लष्करी कारवाईपासून बेट दुभंगलेले आहे. दक्षिणेला सायप्रस प्रजासत्ताकाचा अंमल आहे. ते २००४ मध्ये युरोपीय संघात गेले आणि २००८ पासून तिथे युरो चालतो. उत्तरेकडच्या राजवटीला तुर्कस्तानाखेरीज कोणाचीही मान्यता नाही. जाहिरातीत हा फरक बहुधा झाकलेलाच असतो, पण ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. किंमत युरोऐवजी ब्रिटिश पौंडात सांगितली असेल, गावाचे नाव गिर्ने, इस्केले किंवा एसेनतेपे असेल आणि विमान एर्जानला उतरणार असेल, तर ते घर उत्तरेतले आहे.

उत्तरेतल्या जमिनीचा मोठा भाग १९७४ मध्ये घरदार सोडून दक्षिणेत जावे लागलेल्या ग्रीक सायप्रियट कुटुंबांच्या नावावर आहे. ती मालकी संपलेली नाही, हे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये लोइझिदू विरुद्ध तुर्कस्तान या खटल्यात स्पष्ट केले. पुढे लापिथोस गावी अशाच जमिनीवर बंगला बांधणाऱ्या एका ब्रिटिश दाम्पत्याला निकोसियाच्या न्यायालयाने बंगला पाडून जमीन मोकळी करण्याचा आणि भरपाई देण्याचा हुकूम दिला. हा हुकूम ब्रिटनमध्येही बजावता येतो, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने २८ एप्रिल २००९ रोजी, ब्रिटन संघात असताना, दिला. म्हणजे बंगला बेटावरचा, पण टाच येण्याची भीती होती ती मायदेशातल्या मालमत्तेवर. शिवाय २००६ पासून सायप्रसच्या दंडसंहितेत कलम ३०३अ आहे. नोंदणीकृत मालकाची संमती नाही हे ठाऊक असताना अशी मिळकत विकणे, भाड्याने देणे, तिची जाहिरात करणे किंवा ती घेणे यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गेल्या काही वर्षांत या प्रकरणांत परदेशी नागरिकांना अटक होऊन शिक्षाही झालेल्या आहेत.

दलाल यावर तयार उत्तर देतात: ही 'एक्स्चेंज टायटल'ची जागा आहे, तिथल्या सरकारने रीतसर दिलेली आहे. दक्षिणेत मालमत्ता सोडून उत्तरेत आलेल्या तुर्की सायप्रियटांना मोबदल्यात जी जमीन दिली गेली, तिचा हा कागद. जमीन देणारा मुळात मालकच नव्हता, हा दोष त्या कागदाने दूर होत नाही. १९७४ पूर्वीपासून तुर्की सायप्रियटांच्या किंवा परदेशी व्यक्तींच्या नावावर असलेल्या जागांची गोष्ट वेगळी, पण तसे निखळ कागद थोडे, आणि ते तपासायला दूरवरच्या खरेदीदाराकडे साधन नसते. माझे मत स्पष्ट आहे: उत्तरेत घर घेऊ नये, किंमत निम्मी असली तरीही. वृत्तपत्रांनीही अशी जाहिरात स्वीकारताना जागा कोणत्या भागात आहे आणि १९७४ पूर्वी ती कोणाच्या नावावर होती, एवढे दोन तपशील छापण्याची अट घालावी, अशी कळकळीची विनंती आहे.

दक्षिणेतही एक तपासणी राहतेच. तुर्की सायप्रियटांनी मागे सोडलेल्या जमिनी १९९१ च्या कायद्याने गृहमंत्र्यांच्या देखरेखीखाली आहेत आणि त्यांची मोकळी विक्री होत नाही. गावठाणातले जुने दगडी घर स्वस्तात मिळत असेल, तर सध्या राहणारा माणूस मालक आहे की नुसता वहिवाटदार, हे आधी काढावे.

आता मुख्य मुद्दा. सायप्रसमध्ये मालकी ठरते ती भूमी व भूमापन खात्याच्या जिल्हा कचेरीतल्या नोंदीवरून. मालकीपत्रावर नोंदणी क्रमांक, नकाशा-पत्रकाचा क्रमांक, भूखंड क्रमांक, क्षेत्रफळ आणि मालकाचा हिस्सा असतो. पण मालकीपत्र कोरे करकरीत दिसले म्हणून बोजा नाही असे समजू नये. गहाण, न्यायालयीन जप्तीची नोंद, आधी दुसऱ्या कोणाशी झालेला करार, हे सगळे शोध दाखल्यात, म्हणजे त्याच कचेरीतून मिळणाऱ्या बोज्यांच्या नोंदीच्या उताऱ्यात, कळते. हा दाखला मालकाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला मिळतो, म्हणून आपल्या वकिलाच्या नावे अधिकारपत्र आधी मागावे. विक्रेता ते द्यायला टाळाटाळ करत असेल, तर इसाराची रक्कम खिशातच ठेवावी. दाखला ताजा हवा, करारावर सही करण्याच्या आदल्या काही दिवसांतला. महिन्यापूर्वीचा दाखला दाखवून आजचा व्यवहार करू नये, मधल्या काळात बोजा चढू शकतो.

नव्या गृहसंकुलात गोची कशी होते? बिल्डर संपूर्ण जमीन बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढतो, घरे विकतो, ताबा देतो. खरेदीदार पूर्ण पैसे भरून राहायला जातो, पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आणि गहाणच. बिल्डर बुडाला की बँकेचा हक्क आधीचा ठरतो. अशा अडकलेल्या खरेदीदारांसाठी २०१५ मध्ये खास कायदा करावा लागला, आणि बँकांनी त्यालाही न्यायालयात आव्हान दिले. म्हणून गहाणाचा बोजा असेल तर बँकेचे लेखी हमीपत्र करारासोबतच घ्यावे: अमुक रक्कम अमुक खात्यात जमा झाली की हे घर गहाणातून मोकळे होईल. आणि पैसे बिल्डरच्या हाती न देता त्याच खात्यात भरावेत.

दुसरे कुलूप म्हणजे करार भूमी कचेरीत दाखल करणे. २०११ च्या कायद्याप्रमाणे सही झाल्यापासून सहा महिन्यांत करार दाखल केला, की तो त्या मिळकतीवर बोजा म्हणून नोंदला जातो. मग बिल्डरला तेच घर दुसऱ्याला विकता येत नाही, आणि नंतरचे कर्ज तुमच्या हक्काच्या पुढे जात नाही. पण आधीपासूनचे गहाण पुढेच राहते, म्हणून बँकेचे हमीपत्र आणि दाखल केलेला करार, दोन्ही लागतात. सहा महिने मुदत आहे म्हणून थांबू नये. सही झाली त्याच आठवड्यात करार दाखल करावा आणि पावतीची प्रत स्वतःकडे ठेवावी.

वकील स्वतःचा हवा. इथे खरेदी नोटरीपुढे होत नाही, सगळी भिस्त वकिलावर. बिल्डरने सुचवलेला, त्याच्याच कचेरीत बसणारा वकील फुकट मिळाला तरी घेऊ नये. दलालाकडे नोंदणी परिषदेचा परवाना क्रमांक मागावा.

बांधकाम पुरे झाले तरी स्वतंत्र मालकीपत्र लगेच निघत नाही. नियोजन परवाना, बांधकाम परवाना आणि शेवटी अंतिम मंजुरीचा दाखला, असा क्रम आहे. जुलै २०२४ पासून परवान्यांचे काम नव्या जिल्हा स्थानिक संस्थांकडे गेले आहे. अंतिम मंजुरी अडते ती मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष काम जुळत नाही म्हणून. पोहण्याचा तलाव दोन मीटर सरकला, गाडीतळावर पत्रा टाकला, एखाद्या रहिवाशाने व्हरांडा काचेने बंद करून खोली केली, की एवढ्यावर संपूर्ण संकुलाचे कागद खोळंबतात, आणि इतरांची चूक नसताना सगळ्यांना थांबावे लागते. म्हणून जुने घर घेताना मंजूर नकाशा हातात घेऊन प्रत्येक भिंत, प्रत्येक छप्पर त्याच्याशी ताडून पाहावे. माझ्या मते स्वतंत्र मालकीपत्र असलेले जुने घर नव्या चकचकीत घरापेक्षा केव्हाही बरे.

खर्चाचा हिशेबही जुन्या घराच्या बाजूने जातो. नव्या घरावर १९ टक्के व्हॅट, म्हणजे ३ लाख युरोंवर ५७ हजार. कायम राहण्यासाठीच्या घराला ५ टक्क्यांची सवलत आहे, ती पहिल्या १३० चौरस मीटरवर आणि ३ लाख ५० हजार युरोंपर्यंतच्या मूल्यावर. पण घराचे एकूण क्षेत्र १९० चौरस मीटर किंवा मूल्य ४ लाख ७५ हजारांच्या वर गेले, तर सवलत पूर्ण जाते. दहा वर्षांच्या आत घराचा तो वापर सोडला, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात फरक सरकारला परत करावा लागतो. जुन्या घरावर व्हॅट नाही, हस्तांतर शुल्क आहे: पहिल्या ८५ हजारांवर ३ टक्के, पुढच्या ८५ हजारांवर ५, त्यावर ८, आणि येणाऱ्या रकमेत निम्मी सूट. २ लाखांच्या घराला हे शुल्क ९,२०० येते, सूट धरून ४,६००. तेच घर पती-पत्नीने समान हिश्शाने घेतले तर टप्पे प्रत्येकाच्या एक लाखाला वेगळे लागतात आणि एकूण शुल्क ३,३०० वर येते. वार्षिक स्थावर मालमत्ता कर २०१७ पासून रद्द आहे, पण नगरपालिकेची देणी आणि संकुलाचा सामाईक खर्च चालूच राहतो. विक्रेत्याची यातली थकबाकी नोंदणीपूर्वी फेडून घ्यावी.

युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला घर नावावर करण्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. ती येण्याआधी करार करता येतो, ताबाही घेता येतो, मात्र मालकीपत्र निघत नाही. परवानगी नाकारली गेल्यास भरलेले पैसे परत मिळतील, असे कलम करारात असलेच पाहिजे.

निवासाच्या परवान्याबद्दल गैरसमज फार आहेत. पैसे गुंतवून नागरिकत्व देणारी योजना नोव्हेंबर २०२० मध्येच बंद झाली. आज जो आहे तो कायम निवासाचा परवाना. त्यासाठी बिल्डरकडून पहिल्यांदाच विकले जाणारे, किमान ३ लाख युरो अधिक व्हॅट किमतीचे घर लागते. सोबत बेटाबाहेरून वर्षाला ५० हजार युरो उत्पन्न दाखवावे लागते, पती किंवा पत्नीसाठी आणखी १५ हजार, प्रत्येक मुलासाठी १० हजार. या परवान्यावर सायप्रसमध्ये नोकरी करता येत नाही, संघाच्या दुसऱ्या देशात स्थायिक होता येत नाही, आणि दोन वर्षांतून एकदा तरी बेटावर यावेच लागते. खरी मेख पुढे आहे. अर्जासोबत ३ लाख भरल्याचा पुरावा मागतात, मग घर अर्धवट का असेना. एरवी शहाणा खरेदीदार बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे देतो आणि शेवटचे काही टक्के राखून ठेवतो. इथे परवान्याच्या घाईपायी तो सगळे पैसे आधीच देऊन बसतो आणि बिल्डरला काम पुरे करण्याची निकड उरत नाही. परवाना हवाच असेल, तर बांधून पूर्ण झालेले आणि न विकले गेलेले घर शोधावे.

कर्ज घ्यायचे तर ज्या चलनात कमाई त्याच चलनात घ्यावे. २००८ च्या आसपास व्याज कमी म्हणून अनेक परदेशी खरेदीदारांनी स्विस फ्रँकमध्ये कर्जे काढली, फ्रँक वधारला आणि देणे मूळ रकमेपेक्षा फुगले. बँकेत एका नावावर एक लाख युरोंपेक्षा जास्त रक्कम पडू देऊ नये, कारण ठेवींना संरक्षण तेवढ्यापर्यंतच आहे. २०१३ मध्ये बेटावरच्या सर्वांत मोठ्या बँकेत त्यावरच्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रक्कम समभागांत बदलली गेली.

घर पाहायला उन्हाळ्यात नव्हे, जानेवारी-फेब्रुवारीत जावे. जुन्या घरांत काँक्रीटचा सांगाडा आणि पोकळ विटांच्या भिंती असतात, उष्णतारोधक थर नसतो. हिवाळ्यातली ओल उत्तरेकडच्या भिंतीवर, कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात काळ्या बुरशीच्या रूपाने दिसते. उन्हाळ्यात तीच भिंत नुकती रंगवलेली असते. सपाट गच्चीवर जाऊन जलरोधक थराच्या कडा सुटल्या आहेत का, सौर बंबाच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या पायांखाली पाणी मुरते का, हे पाहावे. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने सळया गंजून फुगतात आणि सज्जाच्या खालच्या बाजूचे काँक्रीट पापुद्र्यांसारखे सुटते. पाफोसमध्ये १९५३ चा भूकंप मोठा होता, म्हणून भूकंपरोधक बांधणीचे नियम सक्तीचे होण्यापूर्वीच्या, १९९० च्या दशकाआधीच्या इमारती अभियंत्याला दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. अभियंता एटेक या तांत्रिक मंडळाचा सदस्य असावा. पिसूरी गावात चिकणमातीचा उतार सरकून चांगली बांधलेली घरे तडकली आहेत, तेव्हा उतारावरच्या घराला जमिनीचाही अहवाल हवा. डोंगरातल्या गावात घर घेताना बाहेर पडायला रस्ते किती आहेत ते मोजावेत. जुलै २०२५ मध्ये लिमासोल जिल्ह्यातल्या वणव्यात माणसे दगावली.

मालकीपत्र हाती आले की स्थानिक वकिलाकडून सायप्रसमधल्या मिळकतीपुरते वेगळे मृत्युपत्र करावे. इथल्या कायद्यात वारसांचा काही हिस्सा राखीव असतो. आपल्या मायदेशाचा वारसा कायदा लागू व्हावा अशी इच्छा असेल, तर युरोपीय नियमानुसार तशी निवड मृत्युपत्रात स्पष्ट शब्दांत लिहावी लागते. वारसा कर २००० सालापासून नाही, पण मृत्युपत्र नसेल तर वारसांना घर नावावर करून घ्यायला परदेशातल्या न्यायालयात दीर्घकाळ खेटे घालावे लागतात.

आपला,
एक वाचक, लिमासोल