या वेळी आई नाही, मी येतोय

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "मधुरावर माझं कसलंच बंधन नाही. नोकरी करायची की सोडायची, तिनं ठरवावं." त्या रात्री मला झोप लागली नाही. अगदी हेच मी 1994 साली बोललो होतो.

तुझी आई तेव्हा पतसंस्थेत कारकून होती. नळाला पाणी पहाटे पाचला यायचं. पाणी, तिघांचे डबे, तुझं दप्तर, आजीचं पथ्याचं उरकून ती धावतपळत पोचेपर्यंत मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलेलं असायचं. नावापुढे लाल शाईचा लेटमार्क. तीन झाले की एक रजा कापायचे. मी मात्र हातात आयता डबा घेऊन साडेनऊला बाहेर पडायचो. दीड वर्षानं तिनं राजीनामा दिला आणि "तिनंच सोडली" असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. मी अडवलं नव्हतं, हे खरं. पण एक हंडाही भरला नव्हता.

2024 च्या सरकारी पाहणीत, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची 88, असं आलंय. माझी तर 88 सुद्धा भरली नसती.

मधुराला कायद्यानं बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघरही द्यावं लागतं. तिच्या ऑफिसात काय सोय आहे, ते दोघं बसून नीट बघा. त्या कायद्यात बापाच्या रजेबद्दल अक्षर नाही. तेव्हा तुझी साठलेली रजा आत्ताच काढ, दिवाळीसाठी राखू नकोस.

"आईला पाठवा" म्हणालास. तिला विचारलं. "जाते की," म्हणाली आणि गुडघ्यांना तेल चोळत बसली. सुनेची नोकरी टिकावी म्हणून सासूनं पुन्हा ओट्याशी उभं राहायचं, हे मला आता बघवणार नाही. मी येतोय, रविवारी सकाळच्या एसटीनं. बाळासाठी नाचणीची पेज शिकून घेतली आहे. सत्त्व आधी गार पाण्यात कालवायचं, मग गॅसवर ठेवून हात थांबवायचा नाही. पहाटेपासून आठपर्यंत बाळ आणि डबे तुझ्याकडे, दिवसा बाळ माझ्याकडे. मधुराला आजच सांग.

तुझा,
बाबा