नकला नकोत, एकेकच विकू

ब्रह्मपुरी तालुका
पोळा झाल्यावर, गणपतीच्या आधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आपल्या वाढईबुवांचे, म्हणजे सुतारबुवांचे, चार-पाच लाकडी बाहुले पुण्याला न्यायचे, यंत्रावर त्यांच्या नकला काढायच्या, शे-दोनशे नग स्वस्तात विकायचे आणि दर नगामागे बुवांना काही द्यायचं, असं तू लिहिलंस. बुवांच्या हातात पैसा यावा म्हणूनच तू हे सुचवलंस, ते मला कळतं. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. पण दुकान आपल्याला करायचंच आहे, म्हणून सगळं नीट लिहितो.

आधी त्या पेटीमास्तराबद्दल, नाटकात पेटी वाजवणाऱ्याच्या त्या बाहुल्याबद्दल. तू त्याचा फोटोच पाहिला आहेस. पूर्ण वाढलेला माणूस डोक्याच्या मापात साधारण साडेसात डोकी उंच भरतो. हा जेमतेम चार डोक्यांचा आहे. पाय जवळजवळ नाहीतच, मांडी घातली आणि संपलं. उरलेलं सगळं लाकूड बुवांनी डोक्याला आणि हातांना दिलं आहे. बोटं इतकी लांब की पेटीच्या कडेवरून खाली उतरतात. एक भुवई वर चढलेली, डोळे मिटलेले. आपल्या झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं, तेवढा वेळ बसून असलेल्या माणसाचा थकवा आणि तोरा दोन्ही त्या एका भुवईत आहेत. आणि डावा गाल फुगलेला आहे, खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू दाबलेला. तो गाल बुवांनी ठरवून काढलेला नाही. लाकडात तिथे गाठ निघाली. गाठीवर पटाशी नीट चालत नाही, तंतू उलटे फिरतात. दुसऱ्या कोणी तो ठोकळा चुलीत घातला असता. बुवांनी गाठ तशीच ठेवली, भोवतीचं लाकूड उतरवलं आणि म्हणाले, "आता याच्या तोंडात खर्रा आला." आता सांग, यंत्र त्या गालाचा उंचवटा उतरवेल, पण गाठ कुठून आणेल? दोनशे पेटीमास्तरांच्या त्याच गालावर तोच फुगवटा असेल आणि एकाच्याही पोटात त्याचं कारण नसेल.

बुवा काम कसं करतात हेही तुला सांगायचं आहे, कारण दुकानात तुलाच लोकांना सांगावं लागेल. चौकोनी ठोकळा घेतात आणि चेहरा सपाट बाजूवर नाही, कोपऱ्यावर काढतात. कोपऱ्याची धार म्हणजे नाक. "नाक आधी काढलं का मंग मानूस आपोआप येते," असं ते म्हणतात. धारेपासून दोन्ही गाल मागे सरकत जातात, त्यामुळे चेहऱ्याला खोली मिळते आणि बाजूने पाहिलं तरी माणूस ओळखू येतो. लाकूड बहुतेक शिवणीचं. शिवण हलकी, फारशी वाकत नाही, बारीक काम झेलते. सागही वापरतात, पडलेल्या जुन्या घराची फळी मिळाली तर. पण सागात नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या चटकन उडतात, म्हणून सागाचे बाहुले जरा ठोकळेबाज, मोठ्या पैलूंचे. मला ते जास्त आवडतात. बाभळीच्या वाटेला ते जात नाहीत. ती वखराला आणि चाकाला ठीक.

ठोकळा चिरताना मधला गाभा बाजूला काढतात, कारण भेगा बहुधा गाभ्यापासूनच फुटतात. मग तो आडोशाला ठेवून मे महिना जाऊ देतात. आपल्या ब्रह्मपुरीचा मे तुला माहीत आहे, पारा ४६ अंशांच्या वर जातो आणि लगेच पुढे जूनचा ओलावा येतो. एवढं सोसून जे लाकूड तडकलं नाही, ते पुण्याच्या हवेत तडकायचं कारण नाही. हे मी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायला तयार आहे.

आता तू विचारशील, गावातल्या लोकांची अशी वेडीवाकडी रूपं काढायची ही कला आपल्याकडे कुठून आली. मला वाटतं, ती आपल्याकडे आधीपासून होतीच. आपण नागपूरला शिकत असताना तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतींची म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला जायचो ना? काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागून ते बडगे, वर्षभर ज्यांनी छळलं त्यांचे मोठ्या डोक्यांचे, पोटं सुटलेले पुतळे. आणि त्याच दिवशी पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार फिरतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी पोरांसाठी हा सण सुरू केला असं सांगतात. एकाच दिवशी नागपुरात माणसाचा बडगा आणि लाकडाचा बैल रस्त्यावर असतात. बुवा लहानपणापासून नंदी घडवत आलेत, आणि बडगे त्यांनी पाहिलेत. मला त्यांच्या बाहुल्यांत दोन्ही दिसतात.

पण फरक मोठा आहे. बडगा संध्याकाळी जाळून टाकतात, म्हणून त्यात कितीही राग चालतो. लाकडाचा बाहुला कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं राहणार. त्यात नुसती खिल्ली असेल तर महिनाभरात माणूस त्याच्याकडे पाहायचं सोडतो. बुवांची रोवणीवाली, म्हणजे भाताची रोपं लावणारी, बाई आठव, कमरेत वाकलेली, पाठ इतकी रुंद केली आहे की तिच्याखाली डोकं लहान सुपारीएवढं दिसतं. ती पाहून आधी हसू येतं. मग चिखलात वाकून रोवणी केलेल्या आपल्या आयांच्या पाठी आठवतात आणि हसू थांबतं. मी त्यांना विचारलं होतं, पाठ एवढी कायले केली? ते म्हणाले, "मी तिले हासलो नाही भाऊ, मी तिले पाह्यलो." मी हे बाहुले जमवायला लागलो ते त्या बाईपासून. ती विकणार नाही, कुणी कितीही दिले तरी.

परदेशात या कामाचा मान मोठा आहे. स्वीडनमध्ये आक्सेल पेटर्सन नावाचा खेड्यातला माणूस होऊन गेला, १८६८ ते १९२५. लोक त्याला त्याच्या गावावरून डोडरहुल्टार्न म्हणत. चाकूचे थोडे, सपाट घाव, घासून गुळगुळीत करणं नाही. गावातल्या अंत्ययात्रा, सैन्यात भरती व्हायला उघडे उभे राहिलेले तरुण, असलं सगळं त्याने लाकडात काढलं. आज ओस्करशाम गावात त्याच्या कामाचं संग्रहालय आहे. स्वीडनमधल्याच ट्रिग घराण्यातल्या बापलेकांनीही असे बाहुले घडवले. ते तळाशी सही करत, म्हणून आजही संग्राहक बाहुला उलटा करून आधी तळ पाहतात. अमेरिकेत तर अशा कारागिरांची १९९० पासून स्वतःची संघटना आहे.

तळावरची सही, हेच मला आपल्या दुकानात हवं आहे. बुवांनी आजवर कशावरच नाव घातलेलं नाही. जत्रेतून, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या मेळ्यातून त्यांचे बाहुले लोकांनी नेले आणि ते कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. आता मी त्यांच्या मागे लागलो आहे की तळाशी नाव, गाव, साल आणि लाकूड तापल्या सळईने उमटवायचं. ते लाजतात, पण करतात. लाकूड कुठून आलं त्याची पावतीही मी जपून ठेवतो. साग तर पावतीशिवाय घ्यायचाच नाही, जंगलखात्याच्या नाक्यावर कुणाची मान खाली जायला नको.

कायद्याचंही बघ. बाहुला विकत घेतला म्हणजे नकला काढायचा हक्क आपल्याकडे येत नाही. बुवांनी लिहून दिल्याशिवाय तो त्यांचाच राहतो, आणि त्यांच्यानंतर ६० वर्षं त्यांच्या वारसांचा. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५३-अ कलम आहे. मूळ चित्र किंवा शिल्प पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत कलाकाराला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. आपले भाव आज तिथवर जाणार नाहीत. पण मला हे पहिल्या दिवसापासून पावतीवर छापायचं आहे. उद्या कुणी पेटीमास्तर पन्नास हजारांना विकला तर बुवांच्या नातवाला कळलं पाहिजे की त्यात आपलं काही आहे.

पैशाचं माझं म्हणणं असं: बुवांचा भाव बुवाच ठरवतील आणि आपण रोख देऊन माल उचलायचा. "ठेवून जा, विकला की देऊ," असं सांगणारे शहरातले दुकानदार मी पाहिलेत. वर्ष उलटतं आणि कारागीर फोन करत बसतो. आपल्याला तसं वागायचं नाही. आपला खर्च आणि नफा वर किती, हेही त्यांच्यासमोर लिहायचं. यात नग थोडे निघतील. वर्षाला फार तर दोन-तीन डझन, आणि भाव नकलेच्या कितीतरी पट. तू म्हणशील गिऱ्हाईक मिळणार नाही. मिळेल, पण तू त्याला बाहुला हातात द्यायला हवा. उलटा करून तळाची वलयं दाखव, तीच वलयं टाळूवरही दिसतात, कारण लाकूड एकसलग आहे. राळेच्या ओतीव बाहुल्यात ती दिसायची नाहीत, आणि यंत्राच्या कामात बारीक समांतर रेघा दिसतील. बुवांचा प्रत्येक घाव वेगळ्या दिशेचा आहे. एवढं पाहिल्यावर ज्याला तो हवा असेल तोच घेईल, आणि मला तेच गिऱ्हाईक हवं आहे.

जपायचं कसं तेही सांग: उन्हात ठेवू नये, पाण्याने पुसू नये, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, आणि पिठासारखा भुगा खाली पडलेला दिसला तर घुण लागली समजून लगेच कळवावं. रंग पुन्हा देऊ नये. घरातल्या नंदीला दर पोळ्याला नवा रंग द्यायचा असतो, तो सणाचा भाग आहे, पण या बाहुल्यांवर बुवांनी चढवलेला पातळ रंग म्हणजे त्यांचाच हात आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरेल आणि नाटकं सुरू होतील. भाऊबीज आटोपली की ये, वडशाला एक रात्र नाटक पाहू. ज्यांच्यावरून हा बाहुला घडला ते पेटीमास्तर तिथल्या एका नाटक कंपनीत वाजवतात आणि त्यांनी तो अजून पाहिलेला नाही. बुवांची अट आहे की आधी त्यांना दाखवायचा. पेटीमास्तर हो म्हणाले तर पहिला बाहुला म्हणून तोच पुण्याला ने. नाही म्हणाले तर तो त्यांच्याच घरी राहील, त्याचे पैसे मी बुवांना देईन, आणि तू दुपट्टा बांधलेला सायकलवाला नेशील. येण्याआधी फडताळाची मापं कळव, फळ्या इथूनच करून घेऊ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
वसतिगृहातला जुना सोबती